कार्यमूल्यमापनाच्या अर्जाला मंजुरीचे किती टप्पे लावावेत?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या तुमच्या कंपनीत सुमारे 400 कर्मचारी आहेत. वार्षिक कार्यमूल्यमापन आजवर एक्सेलचे तक्ते आणि ई-मेल यांवर चालत असे. ते या वर्षी प्रथमच एचआर (मनुष्यबळ विभागाच्या) सॉफ्टवेअरमध्ये आणायचे आहे. स्वमूल्यमापनानंतर रिपोर्टिंग मॅनेजर, विभागप्रमुख, प्लांट हेड, एचआर आणि व्यवस्थापकीय संचालक अशा पाच मंजुऱ्या असाव्यात, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. सॉफ्टवेअर पुरवठादार सांगतो की हवे तितके टप्पे लावता येतील. आणि अर्ज मध्येच कुठेतरी अडकून पगारवाढ लांबणीवर पडेल, अशी तुम्हाला भीती वाटते.

ती भीती रास्त आहे. स्वमूल्यमापनाला पंधरा दिवस आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला आठ दिवस दिले, तर 1 एप्रिलला निघालेला अर्ज शेवटच्या टेबलावरून मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सुटतो, तोही कोणी रजेवर गेले नाही आणि कोणी अर्ज परत पाठवला नाही तर. तरीही ‘टप्पे कमी करा’ एवढेच सांगून तुमचा प्रश्न सुटणार नाही, कारण व्यवस्थापन लगेच विचारेल की नेमका कोणता टप्पा काढायचा, आणि त्याचे उत्तर दिवस मोजून देता येत नाही. खरा प्रश्न असा आहे की प्रत्येक टप्प्यावर बसलेल्या व्यक्तीने नेमके काय ठरवायचे आहे. मी कोणत्याही कंपनीत ही रचना बसवताना प्रत्येक टप्प्याबाबत दोन गोष्टी विचारतो: ही व्यक्ती अर्जातले काय बदलू शकते, आणि ते बदलण्याइतकी माहिती तिच्याजवळ आहे काय? दोन्हींची उत्तरे स्पष्ट असतील तरच तो मंजुरीचा टप्पा ठरतो. एरवी त्या व्यक्तीला माहिती हवी असते, आणि माहिती अहवालातून देता येते. त्यासाठी अर्ज तिच्या टेबलावर थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

तुमच्या पाच टप्प्यांना ही कसोटी लावून पाहू. रिपोर्टिंग मॅनेजरने वर्षभर काम पाहिलेले असते. तो श्रेणी आणि अभिप्राय लिहितो, म्हणजे तो मूल्यमापनाचा लेखक आहे, मंजुरी देणारा नाही. विभागप्रमुखाच्या हाताखाली असे तीन-चार मॅनेजर असतात, त्यामुळे कोणता मॅनेजर हात आखडून श्रेणी देतो आणि कोणता सर्वांनाच खूश ठेवतो हे त्याला दिसते, आणि त्यातील बहुतेक कर्मचाऱ्यांचे काम तो स्वतःही ओळखतो. खऱ्या अर्थाने मंजुरी द्यायची ती त्यानेच. प्लांट हेडला विभागप्रमुख आणि निवडक माणसे ठाऊक असतात. देखभाल विभागातील कनिष्ठ अभियंत्याची श्रेणी तीन असावी की चार, यावर तो एकेका अर्जात काय ठरवणार? त्याची नजर आवश्यक आहे, पण ती विभागाविभागांतील तुलनेवर. एचआरने कामाच्या दर्जाविषयी मत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अर्ज पूर्ण आहे का, उद्दिष्टांच्या भारांकांची, म्हणजे प्रत्येक उद्दिष्टाला दिलेल्या वजनाची, बेरीज 100 होते का, कमी श्रेणी दिली असेल तर तिच्यामागे कामाचे उदाहरण लिहिले आहे का, एवढे एचआरने पाहावे. म्हणून एचआरला अर्ज परत पाठवण्याचा अधिकार असावा; श्रेणी बदलण्याचा नसावा.

राहिले व्यवस्थापकीय संचालक. 400 अर्जांना प्रत्येकी पाच मिनिटे दिली तरी तेहतीस तासांहून अधिक वेळ लागतो. इतका वेळ त्यांच्याकडे नसतो, त्यामुळे एखाद्या संध्याकाळी सर्व अर्जांवर खूण करून एकगठ्ठा मंजुरीचे बटण दाबले जाते, आणि नोंद मात्र अशी राहते की प्रत्येक अर्ज त्यांनी तपासला. मालकांनी चालवलेल्या कंपन्यांत ‘माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काही जाणार नाही’ हा आग्रह असतो. त्यामागची काळजी खरी असते, म्हणून तो मोडून काढण्यापेक्षा त्याला योग्य वाट द्यावी. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये अटींवर आधारित मार्ग लावता येतो. सर्वांत वरची किंवा सर्वांत खालची श्रेणी, गेल्या वर्षीपेक्षा दोन पायऱ्यांचा फरक, पदोन्नतीची शिफारस, आणि विभागप्रमुखाने मॅनेजरची श्रेणी बदललेली प्रकरणे, एवढेच अर्ज संचालकांकडे जातील असे करा. बाकीच्यांचा एकत्रित तक्ता त्यांना केव्हाही पाहता यावा. अशा रचनेत संचालक आलेला प्रत्येक अर्ज खरोखर वाचतात, असा माझा अनुभव आहे.

अधिक टप्पे म्हणजे अधिक न्याय, हा समज सरकारी पद्धतीकडे पाहून झालेला असतो, पण तिथली रचना नीट पाहिली तर उलटच दिसते. केंद्र सरकारच्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात प्रतिवेदन अधिकारी (अहवाल लिहिणारा), पुनर्विलोकन अधिकारी (तो तपासणारा) आणि काही संवर्गांत स्वीकृती प्राधिकारी (अंतिम मान्यता देणारा) असतात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे ठरवून दिलेले असते. वेळापत्रकही बांधलेले आहे: स्वमूल्यमापन 15 एप्रिलपर्यंत, प्रतिवेदन 30 जूनपर्यंत, पुनर्विलोकन 31 जुलैपर्यंत. प्रतिवेदन अधिकाऱ्याने 30 जूनपर्यंत लिहायला सुरुवात केली नाही तर त्याचा लिहिण्याचा अधिकार जातो आणि अहवाल पुढे पाठवावा लागतो. इतक्या प्रचंड यंत्रणेला दोन-तीन स्तर पुरतात, तर एका प्लांटला पाच का लागावेत, हा प्रश्न तुम्ही व्यवस्थापनापुढे निःसंकोच मांडू शकता.

तेव्हा मी सुचवतो तो मार्ग असा: कर्मचारी, रिपोर्टिंग मॅनेजर, विभागप्रमुख, एचआरची पडताळणी, मग सर्व विभागांची एकत्रित बैठक, आणि अपवादात्मक अर्जांपुरती संचालकांची मंजुरी. ही बैठक, जिला आपल्याकडे नॉर्मलायझेशन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात, अर्जाच्या मार्गातला आणखी एक टप्पा म्हणून बसवू नका. तिथे एकेक अर्ज पुढे सरकत नाही; सगळे विभाग शेजारी ठेवून पाहिले जातात. सॉफ्टवेअरमध्ये त्या काळात सर्व अर्ज एकाच स्थितीत थांबवावेत, बैठकीत ठरलेले बदल एचआरने कारणासह नोंदवावेत आणि मगच ते एकदम मोकळे करावेत. ठरावीक टक्के लोक खालच्या श्रेणीत बसवायचेच, अशी सक्ती सॉफ्टवेअरमध्ये टाकण्याचा मोह होईल. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2013 मध्ये अशी सक्तीची वाटणी बंद केली. सहा जणांच्या टूल रूममध्ये तर टक्केवारीला काही अर्थच उरत नाही. टक्के मार्गदर्शक म्हणून पडद्यावर दिसू द्यात, पण ते पाळले नाहीत म्हणून अर्ज अडू नये.

आता ज्या ठिकाणी बहुतेक कंपन्यांची रचना पहिल्याच वर्षी कोलमडते, तिकडे वळतो. सॉफ्टवेअर अर्जाचा मार्ग ठरवते ते कर्मचाऱ्यांच्या मूळ नोंदीतील ‘रिपोर्टिंग टू’ या रकान्यावरून. हा रकाना अनेकदा केवळ रजा मंजुरीसाठी भरलेला असतो. दुसऱ्या पाळीतील सर्वांची रजा एकच शिफ्ट इनचार्ज मंजूर करतो, म्हणून त्या सर्वांच्या नावापुढे तोच असतो, पण त्यांतील गुणवत्ता तपासनिसाचे काम तो पाहत नाही. त्यामुळे वर्कफ्लोला, म्हणजे सॉफ्टवेअरमधील अर्जाच्या मार्गाला, हात लावण्याआधी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हा रकाना विभागप्रमुखांकडून सहीनिशी तपासून घ्या. काम कंटाळवाणे आहे, आणि पुरवठादार ते तुमच्यासाठी करणार नाही, पण पुढचे सर्व त्यावरच उभे राहते.

मार्ग नेहमी नात्याने बांधा, नावाने नको. ‘या कर्मचाऱ्याचा मॅनेजर’, ‘या विभागाचा प्रमुख’ असे लिहिले की माणूस बदलला तरी वर्कफ्लो पुन्हा बांधावा लागत नाही. मात्र यात एक बारकावा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल्यमापन लिहिणारा माणूस कालावधीशी बांधलेला असतो, तर मंजुरी देणारा पदाशी बांधलेला असतो. एखाद्याची 1 एप्रिलला पेंट शॉपमधून असेंब्लीत बदली झाली, तर त्याच्या गेल्या वर्षाविषयी पेंट शॉपच्या मॅनेजरनेच लिहिले पाहिजे. परंतु सॉफ्टवेअर चालू नोंद वाचत असेल तर अर्ज असेंब्लीच्या मॅनेजरकडे जातो, ज्याने त्या माणसाचे एका दिवसाचेही काम पाहिलेले नाही. म्हणून 31 मार्चची रचना गोठवून ठेवण्याची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते पुरवठादाराला विचारा, आणि मूल्यमापन लिहिण्याच्या टप्प्यासाठी ती वापरा. विभागप्रमुखाच्या टप्प्याला मात्र, कर्मचारी 31 मार्चला ज्या विभागात होता त्या विभागाच्या प्रमुखाची चालू नोंद ठेवा. जुना विभागप्रमुख कंपनी सोडून गेला असेल तर त्याच्या जागी आलेल्यानेच मंजुरी द्यायची आहे.

वर्षाच्या मध्यात मॅनेजर बदलला तर काय, हे तुमच्या धोरणावर अवलंबून आहे. सरकारी नियमात किमान तीन महिने काम पाहिलेल्या अधिकाऱ्यालाच लिहिता येते, आणि वर्षात असे एकाहून अधिक अधिकारी झाले तर प्रत्येक कालखंडाचा स्वतंत्र अहवाल लिहिला जातो. खासगी कंपनीला इतके कागद झेपत नाहीत. मी बहुधा असे सुचवतो की बदली होताना किंवा मॅनेजरने राजीनामा देताना त्याच्याकडून संक्षिप्त अभिप्राय आणि सुचवलेली श्रेणी घ्यावी, ती अर्जाला जोडली जावी, आणि अंतिम श्रेणी अधिक काळ काम पाहिलेल्याने द्यावी. तो अधिक काळवाला कंपनीतच नसेल, तर त्याचा जोडलेला अभिप्राय वाचून विभागप्रमुखाने लिहावे. राजीनामा दिलेल्या मॅनेजरने कंपनी सोडण्याआधी पूर्ण करायच्या कामांच्या यादीत ही बाब घातली, तरच ती प्रत्यक्षात घडते.

गुणवत्ता, सुरक्षा, वित्त अशा विभागांत माणूस बसतो प्लांटमध्ये आणि कामाची दिशा त्याला मिळते मुख्यालयाकडून. या दुसऱ्या वरिष्ठाला मंजुरीच्या साखळीत घालू नका. त्याच्याकडे समांतर अभिप्रायाची मागणी जावी, तिला मुदत असावी, आणि मुदतीत उत्तर आले नाही तरी अर्ज पुढे जावा.

छोट्या विभागात रिपोर्टिंग मॅनेजर आणि विभागप्रमुख एकच असतो. तोच माणूस लागोपाठ दोनदा आला तर दुसरा टप्पा आपोआप वगळण्याची सोय असते, पण ती डोळे मिटून चालू करू नका, कारण मग ते मूल्यमापन एकाच माणसाच्या हातून पूर्ण होते. अशा वेळी मंजुरी एक पायरी वर, म्हणजे प्लांट हेडकडे गेली पाहिजे. प्रत्येक अर्जावर किमान दोन वेगळ्या व्यक्तींचा निर्णय हवा, हा नियम मी कोणत्याही परिस्थितीत सोडत नाही. याच संदर्भात एचआरच्या स्वतःच्या अर्जांचे काय, हेही आधीच ठरवा. एचआर प्रमुखाचा अर्ज एचआर पडताळणीच्या टप्प्यावर त्याच्याच टेबलावर येतो, आणि प्रणालीचे संपूर्ण अधिकार असलेल्या कनिष्ठ सहकाऱ्याला आपल्या वरिष्ठाची श्रेणी दिसते. एचआर विभागासाठी वेगळा छोटा मार्ग बांधा, जो वित्त प्रमुख किंवा थेट संचालक यांच्याकडे जाईल, आणि प्रशासक म्हणून केलेला प्रत्येक बदल नाव, वेळ आणि कारण यांसह नोंदला जातो याची खात्री करा.

वरच्या स्तरावर श्रेणी बदलली गेली तर मूळ श्रेणी पुसली जाता कामा नये. मॅनेजरने दिलेली चार आणि विभागप्रमुखाने केलेली तीन, या दोन्ही नोंदी शेजारी राहाव्यात, आणि बदलाचे कारण लिहिल्याशिवाय बटणच दाबता येऊ नये. याहून महत्त्वाचे म्हणजे हा बदल मॅनेजरला आधी कळला पाहिजे. कर्मचाऱ्याला पत्र मिळाल्यावर तो मॅनेजरसमोर जाऊन बसतो, आणि मॅनेजर म्हणतो की मी तर चार दिली होती, वर काय झाले मला ठाऊक नाही. एवढ्या एका वाक्याने वर्षभराचा विश्वास संपतो. म्हणून अंतिम श्रेणी मॅनेजरला दिसणे, त्याने कर्मचाऱ्याशी बोलणे आणि मग ती कर्मचाऱ्याच्या पडद्यावर उघडणे, हा क्रम सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाका. कामाविषयीचे बोलणे त्याआधी, म्हणजे मॅनेजर लिहीत असतानाच झालेले असावे. मात्र त्या वेळी श्रेणीचा आकडा सांगू नये.

अर्ज परत पाठवण्याबाबत पुरवठादाराला एक प्रश्न जरूर विचारा: परत आलेला अर्ज दुरुस्त झाल्यावर तो कुठे जातो? काही प्रणालींत तो पुन्हा पहिल्यापासून सर्व टप्पे चढतो, काहींत थेट परत पाठवणाऱ्याकडे जातो. केवळ शब्दांची दुरुस्ती असेल तर दुसरी पद्धत ठीक आहे. श्रेणी बदलली असेल तर मधल्या सर्वांनी पुन्हा पाहिले पाहिजे.

मुदत संपल्यावर आपोआप मंजुरी हा पर्याय तुम्हाला मोठ्या उत्साहाने दाखवला जाईल. तो घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या माणसाने अर्ज उघडलाही नाही त्याच्या नावावर मंजुरी चढते, आणि पुढे तक्रार झाली तर ती नोंद कंपनीला अडचणीत आणते. त्याऐवजी मुदतीच्या तीन दिवस आधी आठवण जावी, मुदतीच्या दिवशी त्याच्या वरिष्ठाला कळावे, आणि आणखी तीन दिवसांनी अर्ज ‘मुदतीत कार्यवाही झाली नाही’ या शेऱ्यासह निर्णयासाठी त्या वरिष्ठाकडे सरकावा. रजेवर जाणाऱ्याने आपले अधिकार कोणाला सोपवावे यालाही मर्यादा घाला: ते वरच्या किंवा समकक्ष व्यक्तीलाच सोपवता यावेत, हाताखालच्याला नव्हे, नाहीतर आपल्याच सहकाऱ्याची श्रेणी मंजूर करण्याची वेळ कोणावर तरी येते.

पगारवाढ आणि श्रेणी यांचे वर्कफ्लो वेगळे ठेवा. एकाच अर्जात दोन्ही आले की मॅनेजर आधी रक्कम ठरवतो आणि तिला साजेशी श्रेणी मागाहून लिहितो. श्रेणी अंतिम झाल्यावर पगारवाढीचा तक्ता वेगळा निघावा, त्याला विभागाच्या अंदाजपत्रकाची मर्यादा असावी, आणि तो वित्त व संचालक यांच्याच मंजुरीने पगारपत्रकात जावा. यामुळे तुमची मूळ भीतीही कमी होते, कारण पगारवाढ 1 एप्रिलपासून लागू धरून थकबाकीसह देता येते. श्रेणीची घाई करावी लागत नाही. कामगार संघटनेशी केलेल्या वेतनकराराखाली येणाऱ्यांची वाढ करारानुसारच होते, म्हणून त्यांना या मार्गात आणूच नका.

शेवटच्या टप्प्यावर कर्मचाऱ्यापुढे ‘मान्य आहे’ असे बटण नसावे. ‘मिळाले व वाचले’ असे असावे, आणि त्यासोबत स्वतःचे म्हणणे लिहायला जागा असावी. सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2008 रोजी देव दत्त प्रकरणात असे म्हटले की सरकारी सेवकाच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, त्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. त्यानंतर 2009 मध्ये केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याची आणि निवेदनासाठी पंधरा दिवस देण्याची पद्धत आणली. खासगी कंपनीवर हा निकाल बंधनकारक नाही, पण त्यामागचे तत्त्व मला सर्वत्र योग्य वाटते. दहा-पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि फेरविचाराचा अर्ज ज्याने श्रेणी दिली किंवा मंजूर केली त्याच्याकडे न जाता तिसऱ्या व्यक्तीकडे जाईल असा मार्ग बांधा. मुदतीत कोणी बटण दाबले नाही, तर ‘पोच नोंदवली नाही’ एवढीच नोंद व्हावी. गप्प राहण्याला संमती समजू नये.

प्रसूती रजेवरील कर्मचाऱ्यांचा विचार अनेकदा राहून जातो. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 26 आठवड्यांची आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये स्वमूल्यमापन भरण्याची वेळ येते तेव्हा ती व्यक्ती प्रणालीबाहेर असू शकते. स्वमूल्यमापनाविना अर्ज मॅनेजरकडे जाण्याची वाट त्यांच्यासाठी ठेवा, आणि प्रत्यक्ष काम केलेल्या महिन्यांवरच श्रेणी दिली जाईल हे धोरणात लिहा.

हे सर्व बांधून झाल्यावर चाचणी घेताना सरळ मार्गाने जाणारा एकच अर्ज चालवून समाधान मानू नका. वर्षाच्या मध्यात बदली झालेला, मॅनेजर सोडून गेलेला, दोन वरिष्ठ असलेला, रजेवर असलेला, एचआरमधला, स्वतः विभागप्रमुख असलेला, आणि श्रेणी बदलून परत पाठवलेला, असे गेल्या वर्षीचे खरे नमुने घ्या आणि प्रत्येकाचा अर्ज शेवटपर्यंत न्या. प्रत्येक टप्प्यावर त्या त्या भूमिकेने लॉग-इन करून कोणाला काय दिसते ते पाहा. सहकाऱ्याची श्रेणी दिसणे किंवा मॅनेजरचा अपुरा मसुदा कर्मचाऱ्याला दिसणे, हे दोष इथेच सापडतात. चाचणीची प्रणाली बहुधा खऱ्या नोंदींची प्रत असते आणि तिच्यात खरे ई-मेल पत्ते असतात, म्हणून सुरुवात करण्याआधी सर्व पत्ते बदलून तुमच्या एकाच पेटीकडे वळवायला पुरवठादाराला लेखी सांगा, आणि ते झाल्याचे स्वतः तपासल्याशिवाय पहिला अर्जही पुढे पाठवू नका.